शिशाची गोळी आणि तिचा पत्ता

मागच्या उन्हाळ्यात, परीक्षांच्या पेपर-तपासणीच्या धामधुमीत, आमच्या विभागात एक विद्यार्थी काडेपेटी घेऊन आला. तो कोहमाऱ्याजवळच्या एका गावचा. काडेपेटीत कापसावर ठेवलेल्या दोन वस्तू होत्या : एक जड, करडी-पांढरी गोळी आणि एक चकचकीत पितळी चकती, बुडाशी कडा असलेली, एखाद्या छोट्या टोपणासारखी. “सर, मॅडम, हे १८१८ सालचं आहे,” तो म्हणाला. “कंपनीच्या शिपायाची गोळी आणि त्याच्या कोटाचं बटण. तुम्ही लिहून द्या.” आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. बखरी, शाहिरी आणि संतवाङ्मय शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. शस्त्रास्त्रांची पारख हा आमचा प्रांत नव्हे, असे सांगून त्याची बोळवण करणे सोपे होते. पण ‘लिहून द्या’ हे शब्द आमच्या कानाला बोचले. जे लिहून द्यायचे ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न अखेर आमच्याच विषयाचा आहे. म्हणून आम्ही काडेपेटी ठेवून घेतली. त्यानंतरच्या महिनाभरात जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

कोहमारा हे नाव बाहेरच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. नागपूरहून भंडारा, साकोली करत रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गोंदियाकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तिथला हा चौक. ढाबे, टायरची दुकाने, एस.टी.ची वाट पाहणारी माणसे आणि पलीकडे नवेगावबांधचे जंगल. तालुक्याचे गाव सडक अर्जुनी. ही ‘सडक’ म्हणजे हाच नागपूर-रायपूरचा जुना रस्ता. मोरगाव अर्जुनीहून ही अर्जुनी वेगळी ओळखता यावी म्हणून लोकांनी तो शब्द गावाच्या नावापुढे जोडला. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. धानाची शेती, कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले तलाव आणि झाडीबोली ही त्याची खरी ओळख. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तो फारसा येत नाही. विद्यार्थ्याच्या आग्रहामागे हीच बोच होती, हे आम्हाला पुढे कळले.

वस्तू सापडल्या त्या त्याच्या चुलतभावाला. या भावाने धातू शोधण्याचे एक स्वस्त यंत्र मागवले होते, आणि कारण उघड होते : गुप्तधन. झाडीपट्टीत प्रत्येक जुन्या तलावाच्या पाळीखाली कुणीतरी हंडा पुरलेला असतो, निदान लोकांच्या बोलण्यात तरी असतो. पूर्वी त्यासाठी मांत्रिक आणत, आता यंत्र आणतात. यंत्र वाजले की खणायचे. खिळे, बैलाच्या पायाचे नाल, बाटल्यांची बुचे, नांगराचा तुटका फाळ असे पुष्कळ काही निघाले आणि त्यात या दोन वस्तू निघाल्या. “सोना भेटंल म्हणून खोदलो जी, अन् भेटला शिसा,” असे त्या भावाने आम्हाला हसत सांगितले. पितळेची चकती त्याच्या आईने चिंचेने घासून, तांब्याभांड्यांबरोबर उन्हात वाळवली होती. तिच्यावरचा काळाचा थर त्या दुपारीच गेला. गोळीवरचा पांढरट थर मात्र सुदैवाने शाबूत होता. शिसे दीर्घकाळ मातीत राहिले की त्यावर असा पांढुरका लेप चढतो. तो खरवडायचा नाही, आणि शिसे हाताळल्यावर हात धुवायचे, हे पहिले दोन धडे.

आम्ही आधी चकती पाहिली, कारण तिच्यावर अक्षरे होती आणि अक्षरे हा आमचा धंदा. चिंचेने घासल्यामुळे ती स्पष्ट वाचता येत होती : इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ आणि त्यांच्या सोबत बारा हा आकडा. घरच्यांनी ‘के’ म्हणजे ‘किंग’ असा अर्थ लावला होता. पण चकतीच्या मध्यभागी एक लहानसे गोल टिकलीसारखे टोपण होते आणि त्यात खोच पडली होती. बटणाला अशी खोच कुणी पाडत नाही. बंदुकीचा घोडा पडून टोचा बसला की ती पडते. ही वस्तू बारा बोअरच्या शिकारी काडतुसाचे पितळी बूड होती. वरची कागदी नळी मातीत कुजून गेली होती. ‘के.एफ.’ म्हणजे किरकी फॅक्टरी, म्हणजे १८६९ साली पुण्याजवळ खडकीला उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना. चिमणा पटलाच्या काळात बूड पितळेचे असलेली काडतुसे नव्हतीच. ज्याला आमचा विद्यार्थी कंपनीच्या शिपायाचे बटण म्हणत होता, ती बहुधा त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणा परवानाधारकाने रानडुकरावर झाडलेल्या बाराची खूण होती. त्याचा चेहरा पडला. आम्हालाही वाईट वाटले. पण चकती स्वतःच बोलत होती, तिथे आमचा इलाज नव्हता.

गोळीवर अक्षर नव्हते. तिला बोलते करण्यासाठी पदार्थविज्ञान विभागातून व्हर्नियर कॅलिपर आणला आणि बाजारातल्या सोनाराच्या काट्यावर तिचे वजन केले. व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास भरला, वजन एकतीस ग्रॅमच्या थोडे वर. आता शिशाची घनता पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून किंचित अधिक असते. साडेसतरा मिलिमीटर व्यासाचा शिशाचा भरीव गोल केला तर त्याचे वजन बत्तीस ग्रॅमच्या जवळ येते. म्हणजे गोळी शिशाचीच होती, भरीव होती आणि तिची फारशी झीज झालेली नव्हती. लोखंडाची असती तर याच आकारात ती बावीस ग्रॅमही भरली नसती. गावातल्या एका म्हाताऱ्या ढिवराने, जाळ्याला बांधायचे शिसे असेल, अशी शंका काढली होती. ती अगदी रास्त शंका होती, कारण तलाव जवळच होता. पण जाळ्याच्या मण्याला दोरी ओवायला भोक लागते, आणि इथे भोक नव्हते. उलट, भिंगातून पाहिल्यावर गोळीच्या कमरेभोवती एक बारीक शिवण दिसली आणि एका टोकाला कापल्याची सपाट खूण. दोन अर्धांच्या साच्यात शिसे ओतले की सांध्याची शिवण उरते, आणि ओतताना राहिलेले देठ चिमट्याने कापले की अशी खूण उरते. ही बंदुकीचीच गोळी होती.

कोणत्या बंदुकीची? ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जी चकमकीची बंदूक सर्रास होती, तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे एकोणीस मिलिमीटर. गोळी मात्र मुद्दाम लहान, साधारण साडेसतरा मिलिमीटरची असे. काळ्या दारूची काजळी नळीत साचली तरी पुढची गोळी झटकन आत उतरावी, हा त्यामागचा हिशेब. नेम चुकला तरी चालेल, पण बार लवकर भरता आला पाहिजे, हे त्या काळच्या कवायती युद्धाचे तत्त्व होते. फ्रेंच बंदुकीची गोळी याहून लहान, साडेसोळाच्या आसपास. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांना असे एक माप नव्हते. लोहार नळी घडवील तसा तिचा व्यास आणि नळीप्रमाणे साचा. म्हणजे आमच्या काडेपेटीतली गोळी कंपनीच्या मापात तंतोतंत बसत होती. विद्यार्थ्याचा चेहरा पुन्हा उजळला. खरे सांगायचे तर आमचाही.

कारण ज्या १८१८ चे नाव तो घेत होता, ते काही हवेतले नव्हते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात आप्पासाहेब कंपनीच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले आणि राज्यभर पुन्हा हालचाल सुरू झाली. वैनगंगेच्या पूर्वेला, आजच्या गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याने कंपनीविरुद्ध शस्त्र उचलले. कॅप्टन गॉर्डन याच्या तुकडीने सप्टेंबर १८१८ मध्ये कामठा घेतला, चिमणा पटेल कैद झाला आणि त्याची जमीनदारी दुसऱ्याकडे गेली. या सगळ्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांमुळे आणि पुढे त्यांवरून रचलेल्या गॅझेटिअरमुळे. जिंकणाऱ्यांनी किती माणसे मारली, किती गमावली ते लिहून ठेवले. चिमणा पटलाच्या बाजूने जे लढले त्यांच्या हातचा एक कागद आमच्या पाहण्यात नाही. अशा माणसांची साक्ष जर कुठे उरली असेल तर ती मातीत. म्हणून या गोळीचा मोह पडतो, आणि म्हणूनच तिच्याबाबत खोटे बोलता कामा नये.

आम्ही शंकांची यादी केली. पहिली शंका अशी की, कंपनीच्या मापाची बंदूक १८१८ साली संपली नाही. चकमकीच्या बंदुका कंपनीच्या सैन्यात पुढेही दोन दशकांहून अधिक काळ टिकल्या, आणि सैन्याने टाकलेली शस्त्रे जमीनदारांच्या, मालगुजारांच्या घरी पोचत राहिली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हाही ती इथे होती. दुसरी शंका घरगुती आहे. तोंडातून दारू ठासून भरायची ‘भरमार’ बंदूक आमच्या भागात कालपरवापर्यंत शिकाऱ्यांच्या आणि पीक राखणाऱ्यांच्या हातात होती. भरमारीला साचा असतो, शिसे गावातल्या चुलीवर वितळते आणि गोळीला इतिहास कळत नाही. १८१८ ची गोळी आणि १९१८ ची गोळी या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसू शकतात. रायफलींच्या पुढच्या पिढीत हे अवघड राहत नाही. १८५३ च्या एनफिल्डची गोळी लांबट असते, त्यानंतरच्या काडतुसांच्या बुडावर कारखान्याचे चिन्ह येते, बहुधा सालही येते. गोल गोळीवर मात्र तारीख नसते.

तिसरी गोष्ट गोळीच्या अंगावरच होती. तिच्या एका बाजूला चार-पाच खोल दंतव्रण होते. घरात अशी समजूत झाली होती की जखमी शिपायाने वेदना सोसताना ती दातांत धरली असावी. ही कल्पना जगभर लोकप्रिय आहे. पण अमेरिकेतील रणभूमींवर सापडलेल्या अशा चावलेल्या गोळ्या अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा बहुतेक व्रण डुकरांच्या दातांचे निघाले. जमीन उकरताना कंदाबरोबर गोळी तोंडात येते आणि मऊ शिशावर दात उमटतात. नवेगावच्या जंगलाच्या कडेला रानडुकरे धानाच्या बांध्यांत काय करतात, हे आम्ही इथल्या वाचकांना सांगायला नको.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दातांच्या खुणा सोडल्या तर गोळी गोल होती. शिवण जागेवर, कापल्याची खूण जागेवर. झाडलेली गोळी हाडावर, झाडावर, दगडावर आदळली की चपटी होते, निदान एका बाजूने बसते. ही गोळी बहुधा कधी झाडलीच गेली नव्हती. ती कुणाच्या तरी थैलीतून पडली होती. म्हणजे ही गोळी लढाईचा पुरावा नव्हे, मुक्कामाचा आहे. तलावाचे पाणी, झाडांची सावली, जवळून जाणारी सडक. बंदूक बाळगणारा कुणी तिथे उतरला, त्याने सामान सोडले, आणि निघताना एक गोळी कमी होती, ते त्याला कळलेही नसेल. तो गॉर्डनचा शिपाई असेल, चिमणा पटलाचा माणूस असेल, नागपूरहून रायपूरला खजिना नेणारा पहारेकरी असेल किंवा एखादा शिकारी असेल.

या चौघांतून एकाला निवडण्याचा मार्ग होता. गोळी कुठे आणि किती खोल सापडली, तिच्या शेजारी काय होते, हे ठाऊक असते तर. १९८७ साली टोनी क्लन नावाच्या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने जर्मनीत काल्क्रीझ येथे सुट्टीच्या वेळात धातुशोधक फिरवला. त्याला रोमन नाणी सापडली आणि पुढच्या वर्षी गोफणीच्या तीन शिसाच्या गोळ्या. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, गोफणगोळ्या मात्र सैनिकाच्या. इसवी सन ९ मध्ये तीन रोमन पलटणी जिथे नष्ट झाल्या ते ठिकाण शतकानुशतके शोधले जात होते, आणि आज बहुतेक विद्वान काल्क्रीझकडे बोट दाखवतात. पण क्लनने गोळ्या खिशात घालून दिवाणखान्यात मांडल्या असत्या तर हे घडले नसते. त्याने प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्वज्ञाला सोबत घेतले. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ पासून असेच झाले. ओळीने धातुशोधक चालले, सापडलेल्या प्रत्येक गोळीजवळ निशाण रोवले, मोजमाप घेतले, आणि एकच बंदूक रणात कुठून कुठे सरकली हे काडतुसांवरच्या खुणांवरून उमगले. ज्या मूळ रहिवाशांच्या तोंडी आठवणींकडे शंभर वर्षे दुर्लक्ष झाले होते, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना त्या नकाशाने दुजोरा दिला. हरलेल्यांची किंवा न लिहिणाऱ्यांची बाजू माती सांगू शकते, ती अशी.

आपल्याकडेही वस्तू निघतातच. जानेवारी २०१९ मध्ये नागपूरच्या कस्तुरचंद पार्कमध्ये खोदकाम चालू असताना चार तोफा निघाल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या सीताबर्डीच्या लढाईतल्या आहेत की नाहीत यावर चर्चा सुरू झाली. पन्हाळ्याजवळच्या पावनगडावर चारशेहून अधिक तोफगोळे एकाच ठिकाणी मिळाले. कर्नाटकात नगरच्या किल्ल्यातल्या एका पडीक विहिरीतून २००२ साली गंजलेल्या लोखंडी नळ्या निघाल्या आणि तोफगोळे समजून संग्रहालयात पडून राहिल्या. त्या टिपूच्या काळातले युद्धबाण आहेत हे पुष्कळ वर्षांनी लक्षात आले, आणि २०१८ साली तिथेच आणखी हजारावर सापडले. मराठी कागदपत्रांत ‘बाण’ आणि ‘बाणदार’ हे शब्द वाचताना आम्ही वर्गात धनुष्यबाणाचा भास होऊ देत होतो, हे इथे कबूल केले पाहिजे. वस्तूची ओळख पटली की शब्दाचीही पटते. ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून, ‘पलटण’ आणि ‘गारदी’ युरोपीय कवायतीबरोबर. आमच्या भाषेतही या गोळ्या रुतून बसलेल्या आहेत. पण शब्दाचे बरे असते, तो कुठल्या वाक्यात सापडला ते वाक्य त्याच्याबरोबर राहते.

आमच्या गोळीचे वाक्य हरवले होते. चुलतभावाने त्या आठवड्यात तीन ठिकाणी खणले होते : तलावाची पाळ, देवळामागची पडीक जागा आणि स्वतःचे शेत. गोळी यांपैकी कुठली, हे त्याला आठवेना. सगळे एकाच पिशवीत टाकले होते. आम्ही पुन्हा पुन्हा विचारले. तो ओशाळला आणि शेवटी म्हणाला, “तुम्ही म्हणान तो जागा सांगतो जी.” इतक्या निर्मळ मनाने कुणी आमच्या हाती खोटा पुरावा दिला नव्हता. आम्ही नको म्हटले.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण ते गावात कुणाला ठाऊक नव्हते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यवहार बांधलेला आहे. संरक्षित स्मारकात आणि जंगलात खणणे हा गुन्हाच. आणि आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट या सगळ्यांहून मोठी आहे. नक्षल चळवळीच्या वर्षांत या भागात धातुशोधक म्हटले की पुलाखालचे सुरुंग शोधणारे पोलिसच डोळ्यांपुढे येत. यंत्र वाजले आणि खाली गोल लोखंडी काही लागले, तर ते १८१८ चे आहे की परवाचे, हे हाताने ठरवायचे नसते. त्या भावाने बोलता बोलता पाळीतल्या एका ‘लोखंडी भोपळ्या’चा उल्लेख केला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. त्याच दिवशी पोलिसांना कळवायला लावले. तो जुन्या पंपाचा तुकडा निघाला. तरी कळवले ते योग्यच झाले.

मग लिहून काय दिले? गावाला ग्रामपंचायतीसमोर फलक लावायचा होता. ‘१८१८ च्या स्वातंत्र्यलढ्याची भूमी’ असा मजकूरही ठरला होता. आम्ही दिलेल्या कागदावर इतकेच आहे : ‘साच्यात ओतलेली, बहुधा न झाडलेली शिशाची बंदुकीची गोळी. व्यास सुमारे साडेसतरा मिलिमीटर, वजन एकतीस ग्रॅमच्या वर. माप कंपनी सरकारच्या चकमकीच्या बंदुकीशी जुळते. काळ निश्चित करता येत नाही. सापडल्याची नेमकी जागा अज्ञात.’ शेवटचे वाक्य लिहिताना हात जड झाला. ते आमच्या विद्यार्थ्याने वाचले आणि बराच वेळ तो गप्प राहिला. मग विचारले, “म्हणजे आमच्या गावात काहीच झालं नाही?”

तसे आम्ही म्हटले नव्हते. काही झाले असेल तर ते अजून तिथेच, मातीत, आपापल्या जागी आहे. एक गोळी उचलली गेली म्हणून सारे संपत नाही. उरलेले संपू द्यायचे नसेल तर यंत्र बंद ठेवायचे आणि आधी कान उघडे ठेवायचे. जुनी सडक कुठून जात होती, पडावाची आमराई कोणती, तलावाच्या पाळीला कोणत्या वर्षी माती घातली, ‘शिपायाची जागा’ असे नाव एखाद्या शेताला आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारता येते. ते विचारायला परवाना लागत नाही, आणि उशीर मात्र परवडत नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला, या वेळी काडेपेटीशिवाय. हातात तलाठ्याकडून मिळवलेली गावनकाशाची प्रत होती आणि तीवर पेन्सिलीने शेतांची एकोणीस नावे टिपलेली होती, सांगणाऱ्याच्या वयासकट. चुलतभावाने यंत्र विकून टाकले होते. फलक अजून लागलेला नाही.